सोनेगावची मध्यरात्र आणि इंजिनाचे वंगण

विमानविद्येचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार विमान कधी उडाले, कोणी उडविले आणि ते किती उंच गेले याचीच नोंद मोठ्या हौसेने करतात. उतरल्यावर त्याचे इंजिन कसे थांबविले, थांबविताच ते थांबले की नाही, आणि त्याच्या पोटात त्या वेळी तेल किती उरले होते, हे प्रश्न त्यांस क्षुद्र वाटत असावेत. आम्हांस ते तसे वाटत नाहीत. इंजिन आकाशात निकामी झाले म्हणजे त्या अपघाताची तारीख वर्तमानपत्रांत छापून येते. परंतु त्याचे बीज पुष्कळदा आदल्या रात्री जमिनीवरच, इंजिन थांबविताना किंवा तेल पाहताना, पडलेले असते. आपल्या देशात या गोष्टीची परीक्षा जेथे रोज रात्री, आणि तीही चोवीस वर्षे, चालली होती ते ठिकाण म्हणजे नागपूरचे सोनेगाव विमानतळ होय. तेथवर पोहोचण्यापूर्वी मात्र वाचकांस थोडे मागे न्यावे लागेल.

वंगणाचे महत्त्व आपल्या लोकांस नव्याने शिकवावयास नको. गाडीच्या आसाला वंगण न घालता बाजाराला निघालेल्या गाडीवानाची फजिती खेडोपाडी सर्वांस ठाऊक आहे. तथापि गाडीच्या आसाला जे काम पुरते ते विमानाच्या इंजिनाला पुरत नाही. तेथे तेलाने दोन धातूंमध्ये पातळ पडदा तर धरावयाचाच, शिवाय पिस्टनच्या माथ्यावरची उष्णता वाहून न्यावयाची, पिस्टन व सिलिंडर यांमधील सूक्ष्म फट बुजवावयाची आणि जळलेल्या इंधनाची काजळी व झिजलेल्या धातूचा कीस आपल्याबरोबर ओढून आणावयाचा. हलक्या विमानांची इंजिने बहुधा वाऱ्याने थंड होणारी असतात. मोटारीप्रमाणे त्यांत पाणी खेळत नाही. त्यामुळे वाऱ्याखालोखाल इंजिनाची आग विझविणारे दुसरे कोणी असेल तर ते हे तेलच. त्याचा दाब नाहीसा झाला तर उत्तम इंजिनही काही मिनिटांत स्वतःच्याच घर्षणाने जाम होऊन बसते.

आरंभीच्या विमानांत हे तेल कोणते असे, हे ऐकून आजच्या गृहिणींस हसू येईल. ते एरंडेल होते. फ्रान्समधील सेगँ बंधूंचे ‘नोम’ इंजिन १९०९ साली पुढे आले. त्याची रचना आपल्या आजच्या समजुतीच्या अगदी उलट होती. त्यात मधला दांडा विमानाला घट्ट जखडलेला असे आणि सिलिंडरांचा सारा घेर पंख्यासह त्याच्याभोवती गरगर फिरे. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण इंजिनाच्या मधल्या पोकळीतूनच सिलिंडरांत जात असल्यामुळे तेथे साधे खनिज तेल घातले तर पेट्रोल ते धुऊन नेई. एरंडेल पेट्रोलात सहजासहजी विरघळत नाही, आणि उष्णतेतही त्याचा चिकटपणा टिकून राहतो. म्हणून त्याची निवड झाली. एकदा आत गेलेले तेल परत टाकीत येण्याची सोयच या इंजिनांत नव्हती. ते अर्धवट जळून धुराबरोबर बाहेर फेकले जाई आणि त्याचे तुषार वैमानिकाच्या तोंडावर, चष्म्यावर व कपड्यांवर बसत. लहानपणी आईने नाक दाबून पाजलेल्या एरंडेलाचा जो परिणाम होई, तोच पहिल्या महायुद्धातील पुष्कळ वैमानिकांस दोन हजार मीटर उंचीवर सोसावा लागला, असे सांगतात. विनोद सोडला तरी त्या युद्धात एरंडी हे युद्धसाहित्य होऊन बसले, हे खरे आहे. एरंडीचा जगातील मोठा पुरवठादार आपला देशच होता. अमेरिकेने युद्धात पडल्यावर तेथे एरंडीची लागवड करावयाचे ठरविले तेव्हा बियाणे येथूनच न्यावे लागले. ज्या झाडाला आपल्याकडे बांधाच्या कडेची जागा मिळाली, त्याच्या तेलावर युरोपातील आकाशयुद्ध चालले होते. एका प्रसिद्ध विलायती वंगणाचे ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलेले आहे.

या फिरत्या इंजिनांची दुसरी खोड अशी की, त्यांचा वेग हळूहळू कमी करणे फार कठीण असे. उतरताना वैमानिक दांड्यावरील एक बटण दाबून ठिणगी क्षणभर बंद करी, पुन्हा सुरू करी, पुन्हा बंद करी. आणि असे अडखळत अडखळत विमान जमिनीवर येई. बटण फार वेळ दाबून धरले तर सिलिंडरांत एरंडेल साचून ठिणगीचे प्लग भिजून जात, आणि पुन्हा इंजिन हवे असता ते चालू होत नसे. उलट न जळलेले पेट्रोल इंजिनाच्या आवरणात साचले असता पुढच्या ठिणगीला आग लागण्याचे भय असे. इंजिन थांबविणे आणि त्याचे तेल सांभाळणे ही दोन कामे मुळात एकच आहेत, हा धडा विमानविद्येने असा प्रथमपासूनच गिरविला आहे. सोनेगावच्या विमानतळाचा आरंभही याच युद्धातला, १९१७-१८ सालचा. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाने तेथल्या जुन्या इमारतींची डागडुजी करून वाटेवरचा तळ म्हणून त्याचा उपयोग केला.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ‘मॉथ’ जातीची लहान विमाने आली आणि हौशी सुशिक्षित तरुणांस आकाश मोकळे झाले. यांतील प्रथमच्या ‘जिप्सी’ इंजिनाचे चार सिलिंडर उभे असत. पुढे वैमानिकास समोरचे नीट दिसावे व पंखा जमिनीपासून उंच राहावा म्हणून तेच इंजिन उलटे टांगण्यात आले. युक्ती नामी होती. परंतु इंजिन उलटे होताच सिलिंडर खाली आणि तेलाचे घर वर, अशी स्थिती झाली. विमान रात्रभर उभे राहिले की थेंब थेंब तेल पिस्टनच्या कडेने झिरपून सिलिंडरांच्या माथ्याशी, म्हणजे आता तळाशी, जमे. सकाळी इंजिन सुरू करताच निळ्या धुराचा लोट निघे. नवख्यास वाटे की इंजिन जळाले; जाणत्यास ठाऊक असे की धूर मिनिटाभरात ओसरला तर काळजी नाही, आणि न ओसरला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजावे.

या इंजिनांच्या थांबविण्यातही एक मेख होती, आणि ती आजच्या लहान विमानांतही तशीच आहे. म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. ठिणगीसाठी लागणारी वीज ही इंजिने बॅटरीवर अवलंबून न राहता मॅग्नेटो नावाच्या यंत्राने स्वतःच उत्पन्न करतात, आणि असे मॅग्नेटो दोन असतात. घरातील दिव्याचे बटण बंद केले म्हणजे तार तुटते व प्रवाह थांबतो. मॅग्नेटोचे याच्या उलट आहे. बटण बंद केले म्हणजे एक तार इंजिनाच्या धातूला जोडली जाते आणि तयार झालेली वीज ठिणगी न पाडता त्या वाटेने निघून जाते. आता ही तारच कोठे तुटली तर? बटण ‘बंद’ दाखवील आणि मॅग्नेटो जिवंतच राहील. अशा विमानाचा पंखा कोणी सहज हाताने फिरविला तर सिलिंडरात उरलेल्या चिमूटभर पेट्रोलावर इंजिन एक फटका मारते, आणि तेवढ्याने माणसाचा हात जातो. कधी प्राणही जातो. म्हणून इंजिन थांबविण्यापूर्वी मंद गतीत क्षणभर दोन्ही मॅग्नेटो बंद करून पाहावयाचे, आवाज पडतो की नाही ते ऐकावयाचे, आणि मगच पुढचे काम, असा दंडक पडला. जिप्सी इंजिन उतरल्याबरोबर तडक बंद करावयाचे नसे. मंद गतीत मिनिट दोन मिनिटे ते निवू द्यावयाचे, मग बटण बंद करून लगेच हवेची झडप सावकाश पुरी उघडावयाची, म्हणजे आत थंड हवा शिरून तापलेल्या कोपऱ्यांवर इंधन आपोआप पेट घेत नसे. ही झडप उघडण्यास विसरलेल्या उमेदवाराचे इंजिन बटण बंद असतानाही आचके देत फिरत राही, आणि भोवतालच्या मंडळींची करमणूक होई.

प्लगांवर तेल व काजळी बसणे ही त्या काळची रोजची व्याधी. तिचा एक प्रसंग आपल्या विमानइतिहासात अजरामर झाला आहे. १९३० साली आगाखानांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील एकट्याने केलेल्या उड्डाणासाठी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. अस्पी इंजिनियर इंग्लंडहून निघाले होते आणि जे. आर. डी. टाटा कराचीहून. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली तेव्हा अस्पी प्लगांवाचून अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून प्रतिस्पर्ध्याच्या हाती ठेवले. अस्पी थोड्या वेळाच्या अंतराने शर्यत जिंकले. पुढे ते वायुदलाचे प्रमुख झाले. खिलाडू वृत्तीचे उदाहरण म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते व ते योग्यच आहे. आम्हांस तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. हजारो मैलांची शर्यत करंगळीएवढ्या चिनी मातीच्या व धातूच्या तुकड्यापाशी येऊन थांबते, हे टाटांनी तेथे आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

दोनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासेस नेले. विमान ‘पुस मॉथ’, इंजिन एकच, शक्ती सुमारे १२० घोड्यांची, आणि बिनतारी यंत्र नाही. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई तेव्हा सारे बिऱ्हाड पुण्यास येरवड्याला हलवावे लागे. अशा एका इंजिनाच्या सेवेत इंजिनाची प्रकृती हाच व्यवसाय होता. प्रत्येक फेरीनंतर तेल किती गेले याचा हिशेब ठेवावा लागे; कारण तेलाचा खप अचानक वाढणे ही इंजिनाने दिलेली पहिली सूचना असते. त्यानंतरची सूचना बहुधा आकाशात मिळते.

आता नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही चारही शहरे नागपूरपासून हवाई मार्गाने हजार किलोमीटरांच्या आत आहेत, आणि तासाला अडीचशे किलोमीटरांच्या सुमारास चालणाऱ्या डकोटा विमानास प्रत्येक पल्ल्याला तीन ते चार तास पुरत. संध्याकाळी पेट्यांतून काढलेली पत्रे घेऊन चारही शहरांतून चार विमाने निघावीत, मध्यरात्रीनंतर नागपुरास एकत्र जमावीत, आपापसांत थैल्यांची व उतारूंची अदलाबदल करावी आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जावे, ही कल्पना नकाशाकडे पाहणाऱ्या कोणासही सुचण्याजोगी होती. ती अमलात आणली त्या वेळचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची उरलेली डकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली होती आणि विमान कंपन्यांचे पेव फुटले होते. टाटांनी या योजनेस कसून विरोध केला. रात्रीच्या उड्डाणास लागणारे दिवे, बिनतारी मार्गदर्शन व इतर सोयी आपल्याकडे पुरेशा नाहीत, हे त्यांचे म्हणणे. किडवाई हटले नाहीत. ३० जानेवारी १९४९ रोजी, म्हणजे महात्माजींच्या निधनास एक वर्ष पूर्ण होत होते त्याच दिवशी, इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या लहानशा कंपनीकडून सेवा सुरू करण्यात आली. काही महिन्यांतच ती कंपनी गळाठली. मग हिमालयन एव्हिएशनने हे काम उचलले आणि पुढे डेक्कन एअरवेजकडे ते आले. १९५० साली विमान कंपन्यांच्या एकंदर दुःस्थितीची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

या वादात कोणाचा पक्ष खरा? आमच्या मते टाटांचे म्हणणे विमानाच्या दृष्टीने खरे होते आणि किडवाईंचे पत्र लिहिणाराच्या दृष्टीने. १ एप्रिल १९४९ पासून साधे पत्रही, जेथे वेळ वाचत असेल तेथे, जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागले. जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल १८ फेब्रुवारी १९११ रोजी आपल्याच अलाहाबादेहून नैनीस गेले होते खरे. पण तो एक सोहळा होता. मद्रासेस नोकरीला असलेल्या मुलाचे पत्र साध्या तिकिटावर दुसऱ्या दिवशी दिल्लीत आईच्या हाती पडणे, ही गोष्ट निराळी. मात्र या सोयीची किंमत कोणीतरी देत होता. ती देणाऱ्यांत, वैमानिकांच्या बरोबरीने, सोनेगावी रात्री जागणारे मेकॅनिक होते. त्यांची नावे कोणत्याही समारंभात घेतली गेली नाहीत.

त्यांचे काम काय होते ते पाहू. डकोटाला ‘ट्विन वास्प’ जातीची दोन इंजिने. प्रत्येकात दोन चक्रांत मांडलेले चौदा सिलिंडर, शक्ती बाराशे घोड्यांची. तेलाची टाकी इंजिनाच्या मागे स्वतंत्र असे व तीत शंभर लिटरांच्या आसपास तेल मावे. तासाला काही लिटर तेल खाणे हा या इंजिनांच्या बाबतीत रोग मानला जात नसे. खप रोजच्याहून निराळा झाला तरच कपाळाला आठी पडे. विमान येऊन उभे राहिले की इंजिन ताबडतोब बंद करावयाचे नाही. मिनिटास हजार-बाराशे फेऱ्यांवर ते काही वेळ चालू ठेवावयाचे, म्हणजे सिलिंडर निवत आणि इंजिनाच्या तळाशी जमलेले तेल पंपाने उपसून टाकीत परत जाई. मग इंधनाचे मिश्रण तोडावयाचे, आत उरलेले इंधन जळून इंजिन आपोआप थांबू द्यावयाचे आणि पंखा थांबल्यावरच मॅग्नेटो बंद करावयाचे. घाईने हा क्रम मोडला की तेल इंजिनातच राही. चक्राकार मांडणीत काही सिलिंडर खाली तोंड करून असतात. उरलेले तेल तेथे उतरे आणि पिस्टनच्या वर साचे.

पुढचा भाग फार महत्त्वाचा आहे. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. खालच्या सिलिंडरात वाटीभर तेल साचले असता इंजिन सुरू करण्याचा यत्न केला, तर वर येणारा पिस्टन त्या तेलावर भिंतीवर आदळावा तसा आदळतो. मोडण्यासारखे जे असेल ते जागीच मोडले तर ते भाग्यच म्हणावयाचे. दुर्भाग्य असे की पुष्कळदा पिस्टनचा दांडा केसभर वाकतो, इंजिन सुरू होते, आवाजही ठीक वाटतो, आणि तो दांडा मग कित्येक तासांनी, पूर्ण शक्तीच्या क्षणी, तुटतो. म्हणून काही वेळ उभ्या राहिलेल्या इंजिनाचा पंखा सुरू करण्यापूर्वी हाताने काही पाती फिरवून पाहण्याची रीत होती. पाते मध्येच अडले तर जोर करावयाचा नाही आणि उलटही फिरवावयाचे नाही. उलट फिरविल्याने तेल आत येणाऱ्या हवेच्या नळीत ढकलले जाते व इंजिन सुरू होताच पुन्हा सिलिंडरात ओढले जाते. खालचा प्लग काढावयाचा, तेल गळू द्यावयाचे, प्लग पुसून बसवावयाचा. हे काम दिवसा, सावकाश, एका विमानावर करणे सोपे. चार विमाने, आठ इंजिने, टपालवाल्यांची घाई, उपाहारगृहातून परतणारे पेंगुळलेले उतारू आणि हातात एक बॅटरी, अशा स्थितीत ‘हे पाते अडते आहे, थांबा’ असे म्हणण्याचे धैर्य ज्या मेकॅनिकने दाखविले असेल, त्याने किती जीव वाचविले याची मोजदाद होणे शक्यच नाही. न घडलेल्या अपघातांची दप्तरी नोंद होत नसते.

दोन इंजिनांचे विमान एका इंजिनावर उडू शकते, ही गोष्ट खरी. परंतु त्यास एक अट आहे. निकामी इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहिला तर तो विमानास मागे ओढतो. त्याची पाती वाऱ्याच्या दिशेने काठावर वळवून तो स्थिर करावा लागतो. आकाशात इंजिन ‘थांबविणे’ म्हणतात ते हे. आणि पाती वळविण्याचे हे काम कोणाच्या बळावर होते? तर त्याच इंजिनाच्या तेलाच्या. तेल गळूनच इंजिन गेले असेल तर पाती वळविण्यासही तेल उरू नये, असा हा पेच. तो ओळखून टाकीच्या तळाशी थोडे तेल राखून ठेवण्याची योजना करण्यात आली. इंजिनाकडे जाणारी नळी टाकीत थोडी वर घेतलेली असे, आणि तिच्याखालचे तेल केवळ या अंतकाळच्या कामासाठी. यंत्रशास्त्रज्ञांच्या दूरदृष्टीची याहून सुंदर उदाहरणे थोडी असतील.

१ ऑगस्ट १९५३ रोजी देशातील विमान कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली आणि रात्रीचे टपाल तिच्याकडे आले. त्याच वर्षी सोनेगावची नवी इमारतही झाली. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री, पहाट होण्यापूर्वी, सोनेगावहून निघालेल्या डकोटाचे एक इंजिन उड्डाण होताच निकामी झाले. विमान कोसळले. दहा उतारू आणि चार कर्मचारी यांपैकी तेरा जण गेले. मुख्य वैमानिक तेवढा वाचला. मृतांत कामगार चळवळीतील पुढारी हरिहरनाथ शास्त्री हे होते. उड्डाणानंतरचे पहिले मिनिट हे असेच निर्दय असते. उंची नाही, वेग पुरता धरलेला नाही, खाली अंधार. आणि तेवढ्या अवधीत कोणते इंजिन गेले ते ओळखून, त्याचा पंखा वळवून, विमान सरळ धरावयाचे. टाटांनी चार वर्षांपूर्वी जी भीती बोलून दाखविली होती ती रात्रीच्या सोयींविषयीची होती. इंजिनाने मात्र दिवस-रात्र हा भेद मानला नसता.

तरीही सेवा थांबली नाही. पुढे चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने आली, दिवे सुधारले, बिनतारी यंत्रे सुधारली. नागपूरचे लोक मध्यरात्रीच्या त्या घरघरीला इतके सरावले की तिने कोणाची झोप मोडेना. ऑक्टोबर १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली.

मोठी विमाने पुढे जेट इंजिनांची झाली आणि त्यांतील तेलाचा प्रश्न बराच सौम्य झाला. जुनी विद्या आज टिकून आहे ती लहान विमानांत. नागपूर फ्लाइंग क्लबाकडे आलेली सेसना १५२ व १७२ ही विमाने त्या जातीची. १५२ च्या इंजिनात सहा क्वार्ट, म्हणजे पावणेसहा लिटरांच्या आत तेल मावते; चारांच्या खाली असता उड्डाण करू नये, असे बनविणाऱ्यांचेच सांगणे आहे. नवशिक्यांस वाटते की पट्टीवरील वरच्या रेघेपर्यंत तेल भरलेले असले म्हणजे उत्तम. अनुभव निराळा आहे. काठोकाठ भरलेल्या तेलातील वरचे पाव-अर्धा लिटर वाफ जाण्याच्या नळीतून बाहेर फेकले जाते आणि विमानाचे पोट तेलकट होते. मालक म्हणतो, इंजिन तेल पिते. जाणता मेकॅनिक म्हणतो, ते ओकते आहे. शिवाय इंजिन थांबताच पट्टी बुडवून पाहिली तर तेल अजून वरच्या भागातून निथळत असते, म्हणून ते कमी दिसते. मग अविचाराने आणखी ओतले जाते.

दाबाच्या काट्याचेही शास्त्र आहे. इंजिन सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात काटा वर आला नाही तर कारणे शोधीत बसू नये, आधी इंजिन बंद करावे. उडताना दाब उतरू लागला तर लगेच शेजारचा उष्णतेचा काटा पाहावा. दाब खाली व उष्णता वर, असे दोन्ही होत असेल तर तेल खरोखरच जात आहे, आणि जवळचे मैदान गाठण्यावाचून गत्यंतर नाही. उष्णता स्थिर असून एकटा दाबच पडला तर काटा किंवा त्याची नळी बिघडल्याचा संभव अधिक. तरी उतरावे हेच बरे, कारण काट्यावर विश्वास न ठेवण्याची चैन जमिनीवरच परवडते. दाब कायम ठेवणाऱ्या झडपेखाली कसपट अडकले तरी दाब पडतो. बेअरिंगे झिजली तरी पडतो. नागपुरास मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो तेव्हा दुपारी धावपट्टीवर खोळंबलेल्या विमानाचे तेल पातळ होऊन काटा दोन रेघा खालीच राहतो. तो रोग नसून ऋतू आहे. पण हे म्हणण्याचा अधिकार ज्याने त्या इंजिनाचा डिसेंबरातला काटाही वहीत लिहून ठेवला आहे त्याचाच.

थांबविण्याची परीक्षाही तशीच चालू आहे. मंद गतीत मिश्रण हळूहळू तोडले असता इंजिन बंद पडण्यापूर्वी फेऱ्या पंचवीस-पन्नासांनी क्षणभर वाढाव्यात. याचा अर्थ मिश्रणाचे प्रमाण योग्य आहे. वाढल्याच नाहीत तर हवा कोठून तरी जास्त शिरते आहे. फार वाढल्या तर पेट्रोल जास्त पडते आहे व प्लग काजळी धरतील. मिश्रण पूर्ण तोडूनही इंजिन कण्हत राहिले तर बहुधा कार्ब्युरेटरकडे जाणारी तार शेवटपर्यंत ओढली जात नाही. किल्ली बंद करून पाहता इंजिन जराही अडखळले नाही तर मॅग्नेटोची ती जुनी तार तुटलेली आहे, आणि त्या पंख्याजवळ कोणासही फिरकू देता कामा नये.

तेल बदलताना त्याची गाळणी कापून पाहण्याची आणि चमचाभर तेल प्रयोगशाळेत पाठविण्याची पद्धतही आता रूढ आहे. तेलातील लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांचे अंश पाहून आतला कोणता भाग झिजतो हे इंजिन न उघडता सांगता येते. ही युक्ती विमानवाल्यांची नव्हे. १९४०च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे वेस्टर्न या रेल्वेने आपल्या डिझेल इंजिनांसाठी ती प्रथम अंगीकारली, आणि आकाशात ती रेल्वेच्या यार्डातून गेली. सोनेगावच्या मेकॅनिकांपाशी असली प्रयोगशाळा नव्हती. ते काढलेले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतीत, बॅटरीच्या उजेडात फडके तिरके धरीत आणि चकाकणारा एखादा कण दिसला तर तो दोन बोटांत चोळून पाहत. काजळी असेल तर ती पुसली जाई. धातू असेल तर बोटाला टोचे.